मध्येच बंद पडणारी जुनी गाडी: दोष शोधावा कसा?

इंजिन अजिबात सुरू होत नसेल तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण जे बिघडले आहे ते बिघडलेल्या अवस्थेतच समोर असते. परंतु जुनी गाडी अधूनमधून बंद पडते, पंधरा-वीस मिनिटांनी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि गॅरेजात नेली की तासभर सुरळीत चालते, तेव्हा तपासायला दोषच हजर नसतो. मग प्लग, फिल्टर, कॉइल, पंप असे एकेक सुटे भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. त्यांतला एखादा योगायोगाने बरोबर निघाला तरी बाकीचे पैसे वाया गेलेले असतात, आणि नेमके काय बिघडले होते हे कुणालाच कळत नाही. म्हणून सुटे भाग आणण्यापूर्वी बंद पडण्याचा क्षण पकडणे हे या तपासणीतले खरे काम आहे, आणि ते गॅरेजवाल्यापेक्षा गाडी रोज चालवणाऱ्याला अधिक चांगले जमते.

येथे पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर बदलायची जुनी गाडी गृहीत धरली आहे. उदाहरणादाखल मारुती ८०० घेतली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ही ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे यांत्रिक मिश्रण करणारा भाग) आणि एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारणारी पद्धत) या दोन्ही रूपांत विकली गेल्यामुळे दोन्ही प्रकारचे दोष तिच्यात पाहायला मिळतात. झेन, एस्टीम किंवा त्या पिढीच्या इतर गाड्यांनाही हीच पद्धत लागू पडते.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्यास काय करायचे ते आधी पक्के ठाऊक असावे. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (इंजिनाच्या निर्वातावर चालून ब्रेक हलका करणाऱ्या भागात) एक-दोन वेळा नीट ब्रेक लागेल इतकीच निर्वात शक्ती शिल्लक असते, त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच ठामपणे दाबून ठेवावा. धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी आणि ती पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्ली काढल्यावर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

बंद पडण्याची नोंद

गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद पडले की काही गोष्टी लगेच लिहाव्यात: इंजिन गार होते की तापलेले, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, त्या क्षणी पाय क्लचवर, ब्रेकवर की अ‍ॅक्सिलरेटरवर होता, टाकीत पेट्रोल किती होते, एसी, हेडलाइट किंवा वायपर चालू होते का, पाऊस होता का, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. यात सर्वांत मोलाची नोंद म्हणजे इंजिन कसे बंद पडले ही होय. किल्ली फिरवल्यासारखे एका क्षणात शांत झाले असेल तर संशय विजेवर जातो. पिकअप कमी होत, झटके देत, मिसिंग करत काही अंतर गेल्यावर बंद पडले असेल तर इंधन कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते, कारण कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले उरलेले पेट्रोल संपायला थोडा वेळ लागतोच.

गाडीला सीएनजी किट बसवलेले असेल तर तपासणीचा निम्मा रस्ता आयताच सुकर होतो. काही दिवस केवळ पेट्रोलवर आणि काही दिवस केवळ गॅसवर गाडी चालवावी. दोष एकाच इंधनावर दिसला तर त्या इंधनाचा मार्ग तपासावा. दोन्हींवर दिसला तर पेट्रोलचा पंप, फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. दोष इग्निशन, वायरिंग, हवेची गळती किंवा व्हॉल्व्ह यांपैकी कशात तरी आहे. मात्र किट बसवताना मूळ वायरिंग कापून जोडलेल्या जागा स्वतःच अनेकदा दोषाचे मूळ असतात. टेप गुंडाळून केलेला जोड दिसला तर तो उघडून सोल्डर करून घ्यावा.

क्लच आणि गिअर यांचा उपयोग

ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाला जी सोय नाही ती येथे आहे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत असताना पाय क्लचवर नसेल, तर चाके इंजिनाला फिरवत राहतात. म्हणजे ठिणगी किंवा पेट्रोल बंद झाले तरी इंजिन फिरणे थांबत नाही. फक्त गाडी ओढल्यासारखी मंदावते. उलट केवळ आयडलिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन मंद चालण्यात, दोष असेल, तर गिअरमध्ये धावताना काहीच जाणवत नाही आणि सिग्नलजवळ क्लच दाबला किंवा गाडी न्यूट्रल केली की इंजिन मरते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: इंजिनाची शक्ती गिअरमध्ये असताना जाते, की क्लच दाबल्यावर इंजिन बंद पडते? गिअरमध्ये जात असेल तर ठिणगी किंवा इंधन यांपैकी एकाचा पुरवठा तुटतो आहे. क्लच दाबल्यावरच बंद पडत असेल तर आयडलिंगचे मार्ग, हवेची गळती किंवा खुद्द क्लच तपासायचा आहे.

गिअरमध्ये इंजिनाची शक्ती गेल्यावर, रस्ता मोकळा आणि मागे वाहन नसेल तर क्लच लगेच दाबू नये आणि दोन-तीन सेकंद डॅशबोर्डकडे पाहावे. इंजिन फिरत असल्याने ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा सहसा विझलेलाच राहतो. क्लच दाबून इंजिन थांबू दिले की दोन्ही दिवे लागतात. हे नेहमीप्रमाणे घडले तर मुख्य वीजपुरवठा शाबूत आहे. पण त्या क्षणी पेट्रोलचा काटा खाली आला, इंडिकेटर थांबले किंवा सगळा डॅशबोर्डच विझला, तर दोष इग्निशन स्विच, मुख्य फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल किंवा अर्थिंग यांत आहे आणि कार्ब्युरेटर उघडण्याची काहीही गरज नाही. गाडीत आरपीएमचा काटा असेल तर तोही बोलका ठरतो. गाडी अजून गिअरमध्ये धावत असतानाच काटा एकदम शून्यावर पडला तर इग्निशनचा प्राथमिक विद्युतप्रवाह किंवा क्रँक सेन्सरचा (इंजिनाचे फिरणे संगणकाला कळवणाऱ्या भागाचा) संकेत तुटला आहे. गाडीच्या वेगाबरोबर तो हळूहळू उतरला तर बहुधा इंधन थांबले आहे.

ठिणगीची बाजू

प्रथम स्वस्त आणि साध्या गोष्टी पाहाव्यात. बॅटरीचे टर्मिनल काढून सँडपेपरने घासावेत आणि घट्ट बसवावेत. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या जुन्या गाड्यांत, विशेषतः कोकणपट्टीसारख्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या गाड्यांत, बाहेरून ठीक दिसूनही आतून गंजलेल्या असतात. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा आला तर अर्थिंग कमकुवत आहे. इंजिन बंद असताना चार्ज असलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

इग्निशन स्विचची तपासणी जागेवर उभ्या गाडीत होते. इंजिन चालू ठेवून किल्ली न फिरवता हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवावी. इंजिन अडखळले तर स्विचचे आतले संपर्क झिजलेले आहेत. घराच्या, दुकानाच्या आणि लॉकरच्या किल्ल्यांचा जड जुडगा त्याच रिंगमध्ये लटकवण्याची आपल्याकडची सवय या झिजेला बराच हातभार लावते. याच पद्धतीने फ्यूज बॉक्स, कॉइलचे कनेक्टर आणि इंजिनाकडे जाणारी वायरिंगची जुडी एकेका जागी हलवून पाहावी. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, बाही आणि ओढणी दूर ठेवावी.

तापल्यावर बंद पडणे आणि गार झाल्यावर चालू होणे हे लक्षण असेल तर ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारी कॉइल, पॉइंटच्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) गाडीतला कंडेन्सर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा मॉड्यूल आणि एमपीएफआयमधला क्रँक किंवा कॅम सेन्सर हे चार मुख्य संशयित आहेत. या भागांतले बारीक तारेचे वेटोळे किंवा सोल्डरचे जोड उष्णतेने प्रसरण पावल्यावर सुटतात आणि गार झाल्यावर पुन्हा चिकटतात. त्यामुळे थंड अवस्थेत मोजलेला रोध बरोबर आला म्हणून कॉइल चांगली असे समजू नये. मोजमाप गाडी बंद पडल्या पडल्या, भाग गरम असतानाच घ्यावे. यासाठी एक जादा प्लग गाडीत ठेवावा. गाडी बंद पडली की एका सिलिंडरची लीड (प्लगला वीज नेणारी जाड तार) काढून त्या प्लगवर बसवावी, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला नीट टेकवून किंवा क्लिपने पकडून ठेवावा आणि सेल्फ मारावा. करकरीत निळसर ठिणगी आली तर इग्निशन निर्दोष आहे. पिवळी, अशक्त ठिणगी आली किंवा काहीच आले नाही तर दोष याच बाजूला आहे. लीड हातात धरू नये, चालू इंजिनावरून ती उपटू नये आणि आसपास पेट्रोल सांडलेले असेल तर ही तपासणी मुळीच करू नये.

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यानंतरच दोष दिसत असेल तर प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आत पाहावे. ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट असते. त्या वाटेने वीज भलतीकडे जाते आणि अशी कॅप बदलावीच लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या लीडवर पाण्याचा बारीक फवारा मारला असता फुटलेल्या लीडवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

पेट्रोलची बाजू

सर्वांत आधी टाकीचे झाकण. पेट्रोल वापरले जाते तशी टाकीत हवा शिरली पाहिजे, आणि तो मार्ग तुंबला की टाकीत निर्वात तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी बंद पडताच झाकण सैल करावे. हवा आत ओढली गेल्याचा मोठा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली तर कारण सापडले. बाजारात मिळणारी काही झाकणे दिसायला सारखी पण हवेचे छिद्र नसलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे.

सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात दम सोडत असेल, तर चढावर लागणारे जादा पेट्रोल पोहोचत नाही असा अर्थ होतो. फिल्टर, टाकीतली जाळी, रबरी नळ्या आणि पंप या क्रमाने तपासावे. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. अशा नळ्या आतून फुगतात किंवा त्यांचे पापुद्रे सुटतात, तर टाकीत वर्षानुवर्षे साठलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो. नवा फिल्टर बसवूनही थोड्याच दिवसांत तीच तक्रार आली तर नवा फिल्टर कापून आतला कचरा पाहावा. गंज किंवा काळे रबर दिसले तर टाकी आणि नळ्यांकडे वळावे.

कार्ब्युरेटरच्या मारुतीत पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप असतो. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर ठिबकते किंवा इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नये. हाच पंप इंजिनाला लागून असल्याने मे महिन्याच्या दुपारी, घाट चढून आल्यावर वाहतुकीत अडकले असता नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. खात्री करण्यासाठी इंजिन बंद ठेवून पंपावर आणि नळीवर ओले फडके काही मिनिटे ठेवावे. गाडी त्यानंतर सुरू झाली तर एक्झॉस्टच्या फार जवळून गेलेली नळी दूर घ्यावी आणि उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का ते पाहावे. गॅरेजात तो ‘उगाच खडखडतो’ म्हणून काढून टाकलेला असतो.

एमपीएफआयच्या गाडीत किल्ली चालू करताच मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती एरवी ऐकू येते आणि गाडी बंद पडल्यानंतर ऐकू येत नसेल तर पंप, त्याचा रिले (त्याला वीज देणारा विजेवर चालणारा स्विच) किंवा कनेक्टर सदोष आहे.

यानंतरही दोष हाती लागत नसेल तर एक उपाय फारसा खर्च नसूनही फार उपयुक्त ठरतो. पाच वॅटचे १२ व्होल्टचे दोन छोटे बल्ब घ्यावेत. प्रत्येकाच्या तारेत लहान फ्यूज घालून एक बल्ब कॉइलच्या पॉझिटिव्हला आणि दुसरा, एमपीएफआयच्या गाडीत, पेट्रोल पंपाच्या पुरवठ्याच्या तारेला जोडावा, त्यांचे दुसरे टोक बॉडीला अर्थ करावे आणि दोन्ही बल्ब चालकाला दिसतील असे, पण रस्त्याकडे पाहण्यात अडथळा येणार नाही असे बांधावेत. गिअरमध्ये असताना शक्ती गेली आणि कॉइलचा बल्ब विझला, तर पुरवठा तुटला आहे. कॉइलचा पेटलेला पण पंपाचा विझलेला असेल, तर थांबल्यावर सेल्फ मारून पाहावे: ठिणगी येते पण पंपाचा बल्ब लागत नाही, तर रिलेचा मार्ग सदोष आहे, ठिणगीही येत नाही, तर क्रँक सेन्सरचा संकेत संगणकापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बल्ब पेटलेले असूनही शक्ती गेली, तर कॉइल, मॉड्यूल किंवा पेट्रोलचा प्रत्यक्ष दाब तपासावा. सेन्सरच्या तारांना मात्र असे बल्ब कधीही जोडू नयेत, संगणक जळू शकतो.

सिग्नलवर बंद पडणारी गाडी

कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडल जेटमध्ये (आयडलिंगला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक भोकाच्या भागात) बारीक कचरा अडकणे हे नेहमीचे कारण आहे. रेस देऊन ठेवली की इंजिन चालते, पाय काढला की मरते. जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करावा. तार घालून भोक कोरू नये. अनेक कार्ब्युरेटरवर आयडलच्या मार्गात एक सोलेनॉइड (विजेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) असतो. किल्ली चालू ठेवून त्याची तार काढून पुन्हा लावली असता ‘टक’ असा आवाज यायला हवा. त्याची तार सैल असणे हा क्षुल्लक दोष असला तरी त्यापायी सबंध कार्ब्युरेटर बदललेला दिसतो. पीयूसी तपासणीच्या वेळी मिश्रणाचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त घट्ट करून पेट्रोल कमी केलेले असते, हेही एक आपल्याकडचे खास कारण आहे. बंद पडण्याची सुरुवात पीयूसीनंतर झाली असेल तर स्क्रू पुन्हा व्यवस्थित लावून घ्यावा.

एमपीएफआयमध्ये त्याच जागी थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर आणि आयडलची हवा नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह येतो. दोन्ही क्लीनरने साफ करून पाहावे. अनेक गाड्यांचा दोष एवढ्यावरच जातो. एसी चालू केल्यावर किंवा रात्री दिवे लावल्यावरच बंद पडत असेल तर आयडल वाढवणारी यंत्रणा काम करत नाही असे समजावे.

हवेच्या गळतीसाठी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेल्या सर्व रबरी नळ्या वाकवून तडे पाहावेत आणि चालू इंजिनावर जोडांवर पाण्याचा फवारा मारावा; आरपीएम क्षणभर बदलला तर गळती तेथेच आहे. पेट्रोल किंवा इतर ज्वालाग्राही द्रव फवारण्याची जुनी पद्धत वापरू नये. ब्रेक दाबताच इंजिन मंदावत असेल तर बूस्टरची नळी चिमट्याने दाबून बंद करावी. ही तपासणी फक्त उभ्या गाडीत, हँडब्रेक लावून करायची आहे. मंदावणे थांबले तर बूस्टरचा पडदा गळतो आहे आणि ते काम पुढे ढकलू नये.

न्यूट्रलमध्ये इंजिन छान चालते पण पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही गाडी किंचित पुढे सरकते, रिव्हर्स टाकताना करकर होते आणि थांबताना इंजिन बंद पडते, तर दोष इंजिनात नसून क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचे सेटिंग करून पाहावे.

आयडलची सगळी कारणे संपूनही तापलेले इंजिन सिग्नलला मरत असेल, तर व्हॉल्व्हची फट मोजून घ्यावी. गॅसवर बराच काळ चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून फट कमी होते, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि आयडलला कॉम्प्रेशन पुरत नाही.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावण्याचा सल्ला हल्ली पहिल्या झटक्यात मिळतो. जुन्या एमपीएफआय गाड्यांत स्कॅनर जोडण्यासाठी कंपनीचा स्वतंत्र कनेक्टर असतो आणि बाजारातले स्वस्त स्कॅनर त्यावर चालतीलच असे नाही. शिवाय अर्थिंग, झाकण, जेट आणि क्लच यांचे कोड नसतात. सेन्सरचा कोड आला तरी सेन्सर बदलण्यापूर्वी त्याचा कनेक्टर आणि तारा तपासाव्यात.

दुरुस्तीनंतरची चाचणी वहीतल्या नोंदीप्रमाणेच घ्यावी. गाडी टाकीत कमी पेट्रोल असताना, भर दुपारी, घाट चढून आल्यावर बंद पडत असेल तर पेठेत दोन फेऱ्या मारून काहीच सिद्ध होत नाही. तोच घाट, तीच वेळ आणि तितकेच पेट्रोल घेऊन जावे. एका वेळी एकच भाग बदलावा, आणि काढलेला जुना भाग नवा भाग त्या परीक्षेत उतरेपर्यंत डिकीत जपून ठेवावा.